जगाला मार्क देणारी आमची भाडेकरीण

बायको गेली तेव्हा तिचा फ्लेक्स नाक्यावर लावायचा होता. आमच्याकडं तशी रीतच आहे. माणूस गेलं की दहाव्याच्या आत नाक्यावर त्याचा फोटो लागतो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, त्याच्या खाली शोकाकुल म्हणून सगळी भावकी. कोणी म्हणेल, हा कसला दिखावा. असेल. पण ज्या नाक्यावर बाईनं जन्म काढला त्या नाक्याला ती गेलेली कळायला नको? मला तो फ्लेक्स पाहिजे होता, आणि नीट पाहिजे होता. म्हणून तो पास करायला मी जिला बोलावलं ती बाई साऱ्या जगाच्या जाहिरातींना मार्क देते. खोटं वाटतं ना? आमच्या नाक्यावरच्या लोकांनाही वाटलेलं.

ती आमच्या वरच्या माळ्यावर भाड्यानं राहायची. सिनेमाची डायरेक्टर. नाव लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. पन्नाशीची, एकटी, केस पुरुषासारखे कापलेले, पायात कायम रबरी चप्पल. परदेशात जातानाही तीच.

आमचं घर शीळफाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, नाक्याला चिकटून. पूर्वी इथं आमचं भात व्हायचं आणि खाडीच्या अंगाला मिठागर होतं. मी चौथीत शाळा सोडली आणि मिठागरात उतरलो. आता जमिनीवर इमारती आल्या आणि लोक आम्हाला शेठ बोलतात. त्यात आमची काही हुशारी नाही. रस्ता आमच्या दारात आला, एवढंच.

ती खोली बघायला आलेली तो दिवस मला चांगला आठवतो. बरोबर एजंट होता. तो चालू झाला, हवेशीर आहे मॅडम, शांत आहे मॅडम, फॅमिली वातावरण आहे मॅडम. माझी बायको ओट्यावर वाल सोलत बसलेली. तिला ते सहन होईना. ती तिथूनच बोलली, "काय शांत हाय रं मेल्या? गो बाय, ऐक. पानी सांजचं येतं, डास हाईत, नि नाक्यावर गाड्यांचं पोंगं कान फाडतात. रवाचं आसंल तर रव."

एजंटाचं तोंड उतरलं. बाई मात्र मोठ्यानं हसली. बोलली, "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला खरी जाहिरात ऐकवली. खोली आत्ताच घेते." आणि खोली न बघताच तिनं हो सांगितलं. मी बायकोला बोललो, ही बाई थोडी सटकलेली दिसते. बायको बोलली, "आसू दे. आपण कुठं शाहाने हाव?"

सटकलेली होतीच. सांगतो.

बाईनं आयुष्यात एकच मोठा पिक्चर काढलेला. तो काय चालला नाही. मग ती जाहिरातींच्या फिल्म करायला लागली. साबणाच्या, बिस्किटाच्या, सिमेंटच्या. त्यात तिचं नाव एवढं झालं की परदेशातून बोलावणं यायला लागलं. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात सगळ्या देशांच्या जाहिराती गोळा करतात, निरनिराळ्या देशांची माणसं अंधाऱ्या खोलीत बसून त्या बघतात, भांडतात, आणि कोणाला सोनं, कोणाला चांदी ते ठरवतात. त्या भांडणाऱ्यांत आमची भाडेकरीण. मी नाक्यावर चहा प्यायला गेलो की हे सांगायचोच. ऐकणारा कंटाळला तरी सांगायचो.

पण घरात मात्र तिनं जाहिरात केलेली एकही वस्तू नसायची. दात घासायला तंबाखूची मशेरी नाही तर नुसतं मीठ. बिस्किट आणलं तर बेकरीचं सुटं. मी विचारलं, "तू एवढ्या साबणाच्या जाहिराती केल्यास, आणि अंगाला डाळीचं पीठ लावतेस?"

"काका, त्या साबणात काय आहे ते मीच लोकांना सांगितलंय. मला विचारा काय काय नाहीये ते."

तिचा पिक्चर आम्ही दोघांनी एकदा बघितला. ठाण्यात कुठल्या तरी हॉलमध्ये परत दाखवणार होते म्हणून ती आम्हाला घेऊन गेलेली. मला मध्येच झोप लागली. बाहेर आल्यावर मी सरळ सांगितलं, पोरी, मी झोपलेलो. दुसरा कोणी असता तर तोंड फिरवलं असतं. ही रस्त्यात उभी राहिली आणि मला विचारायला लागली, "कुठे झोपलात? नवरा गाव सोडतो त्याच्या आधी का नंतर?" मी बोललो, आधी. तिनं कपाळावर हात मारला. "मला माहीत होतं! तो सीन लांबलाय. एवढी वर्षं झाली, कोणी सांगितलं नाही." आणि परतीच्या वाटेवर भलतीच खूश.

परदेशात जायच्या आधी पहिली फेरी घरूनच असायची. कॉम्प्युटरवर ढिगानं जाहिराती यायच्या. ती गच्चीवर खुर्ची उलटी टाकून, खुर्चीच्या पाठीला छाती टेकून बसायची, आणि पाय थंड पाण्याच्या बादलीत. पाय पाण्यात असले की डोकं खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. आवाज बंद. पहिल्यांदा बघायची ती आवाज बंद करूनच. "गाणं चांगलं असलं की माणूस फसतो, काका. आधी मुकी बघायची." आम्ही दोघं संध्याकाळी हवा खायला गच्चीवर जायचो ते तिच्या बाजूला बसायचो. काळी माणसं, गोरी माणसं, बर्फ, कुत्री, गाड्या. मला काही कळायचं नाही. बायकोला त्याहून कमी कळायचं, पण ती बोलायची जास्त. एखादी जाहिरात लांबली की, "आटप रं बाबा, काय इकायचं ते इक" असं कॉम्प्युटरलाच सांगायची. बाई तिच्या सांगण्यावर मार्क द्यायची असं कोणी समजू नका. कित्येकदा बायकोला आवडलेल्याला तिनं भोपळा दिला. दोघींचं त्यावरून वाजायचंही.

मार्क द्यायची तिची रीत वेगळीच होती. कागदावर नंबर लिहायची ते परदेशातल्या त्या स्पर्धावाल्यांच्या समाधानासाठी. तिचा खरा काटा एकच. जाहिरात बघून तिच्या तोंडून "हे मला का नाही सुचलं?" असं निघालं की सोनं. तेही रागानं निघायला पाहिजे. "हेवा वाटला पाहिजे," ती बोलायची. "वा वा छान छान म्हटलं म्हणजे समजा दुसऱ्या दिवशी विसरले."

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉम्प्युटरसमोर नाही. कल्याणच्या बाजारात. मी घाऊक भाजी आणायला जायचो, ती मागं लागून यायची, आणि ओरडणाऱ्या लोकांना मार्क देत हिंडायची. ह्याचा गळा चांगला पण सांगण्यात दम नाही. हा नुसता भाव ओरडतो. तो ताजी ताजी करतो म्हणजे शिळी असणार. एका कोपऱ्यात एक लिंबूवाला बसलेला. तोंडातून शब्द नाही. त्यानं एक लिंबू कापलं आणि समोरच्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दाबून चोळलं. असा वास उठला की येणारी-जाणारी माणसं मान वळवायला लागली. बाई तिथंच थांबली. दात-ओठ खाऊन बोलली, "हे मला का नाही सुचलं!" लिंबूवाला घाबरला. त्याला वाटलं काही चुकलं. मी सांगितलं, बाबा, घाबरू नकोस, तुला सोनं मिळालंय.

आता खडवलीचं सांगतो. त्या परदेशातल्या खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं म्हणे. तिनं आम्हा दोघांना सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय. माझ्यासारख्या दात पडलेल्या माणसाचं तोंड कोण धरणार?

एका वर्षी त्या ढिगात आपल्याच देशाची एक फिल्म आली. कपडे धुवायच्या पावडरची कंपनी. खडवलीच्या नदीवर बाया उन्हात धुणी धुतात, तर कंपनीनं त्यांच्या डोक्यावर सावलीसाठी मोठमोठ्या रंगीत छत्र्या बसवल्या, अशी ती गोष्ट. बाया वर बघतात, डोळ्यांत पाणी येतं, एक म्हातारी छत्रीच्या दांड्याला हात लावून नमस्कार करते. आवाज बंद असूनही मला रडू आलं. खोटं कशाला बोलू. आणि आपल्या खडवलीचं! मी बोललो, "पोरी, दुसरं काय बघू नकोस. हिला सोनं देऊन टाक."

ती पाय बादलीत, नुसतं पाणी हलवत बसली. ती फिल्म ज्या जाहिरात कंपनीनं बनवलेली तीच कंपनी बाईला वर्षातलं निम्म्याहून जास्त काम द्यायची. ते आम्हाला माहीत होतं.

सकाळी खाली आली. "काका, काकी, चला. खडवलीला जाऊन येऊ."

बायकोनं भाकऱ्या बांधून घेतल्या आणि आम्ही तिघं गेलो. नदीवर बाया धुणं धूत होत्या. डोक्यावर ऊन. छत्री एक नाही. बाई काही विचारायच्या आत माझी बायको पुढं झाली. तिला धीर कुठला? "काय गो, तुमच्या छत्र्या कुठं गेल्या?"

एक बाई हसायलाच लागली. "त्या व्हय? सकाळी आणल्या, फोटो काढले, नि दुपारची जेवणं व्हायच्या आत गुंडाळून नेल्या. आमच्या हातात पावडरीची एकेक पुडी दिली."

"मग रडलात कशाला?"

"रडा बोलले म्हणून रडलो. आधी येतच नव्हतं रडू, मग त्यांनी कांदा आणला."

परत येताना मी बाईला बोललो, जाऊ दे. जगात एवढं खोटं चालतं, त्यात चार छत्र्यांचं काय? तुझ्या पोटावर पाय येईल. उत्तर दिलं ते बायकोनं. "तुमी नका शिकवू तिला. त्या बायांच्या डोक्यावर ऊन हाय ते पायलं ना डोल्यांनी?"

बाई परदेशात गेली. तिकडं त्या खोलीत सगळे त्या छत्र्यांच्या प्रेमात. सोनं ठरल्यातच जमा. ही उठून उभी राहिली आणि बोलली, मी तिथं जाऊन आले, तिथं एकही छत्री नाही. एका गोऱ्यानं विचारलं म्हणे, तुमच्याच देशाची जाहिरात आणि तुम्हीच पाडता? तेव्हा ती बोलली, "माझ्या देशाची आहे म्हणूनच तर मला तिथला रस्ता माहीत होता."

हे वाक्य मी पाठ केलंय. नाक्यावर किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

सोनं गेलं. आणि इकडं तिचा फोन वाजायचा बंद झाला. त्या कंपनीचं काम तर गेलंच, तिच्या ओळखीतल्यांचंही गेलं. पहिल्यांदा मी तिला दुपारी घरी बसलेली बघितली. एकदा मी विचारलं, "पस्तावलीस का गं?" ती बोलली, "काका, तो सिनेमा करताना एवढं उपाशी राहिले, तेव्हा नाही पस्तावले. आता काय." बायको रोज दुपारी ताटात भाकरी आणि कालवण घेऊन वर जायची. उपकार म्हणून नाही, असं ती मुद्दाम सांगायची. "उरलंय म्हनून आनलंय. नसंल खायाचं तर मांजरीला घाल." काही उरलेलं नसायचं. मला माहीत होतं, कारण माझ्या ताटात तेवढं कमी यायचं.

वर्ष सरलं. हळूहळू दुसऱ्यांचं काम यायला लागलं. आणि परदेशातून पत्र आलं, या वेळी नुसतं मार्क द्यायला नाही, मार्क देणाऱ्यांची प्रमुख म्हणून. ते कळलं त्या दिवशी मी नाक्यावर सगळ्यांना चहा पाजला. बायको बोलली, "एवढी का छाती फुगली? तुमची काय सख्खी लेक हाय?" पण तिनं स्वतः जिताड्याचं कालवण केलेलं. एवढा महागाचा मासा काय कोणी उगीच आणत नाही.

पुढं तिची आई आजारी झाली आणि तिला ठाण्यात आईजवळ जाऊन राहावं लागलं. माळा रिकामा झाला. बायकोनं तो कोणाला दिला नाही. एजंट यायचे, ती त्यांना डास आणि पाणी सांगून घालवायची.

आणि मग बायकोच गेली. दुखणं थोडकंच. जास्त लिहीत नाही.

मुलानं फ्लेक्सवाल्याकडून नमुना करून आणला. वर पुढाऱ्यांचे फोटो. मध्ये बायको, म्हणजे ती असावी असं धरायचं. गोरी केलेली, गालावरच्या सुरकुत्या पुसलेल्या, मागं ढग आणि कमळं. खाली लिहिलेलं, हसतमुख, शांत, मायाळू स्वभावाच्या. मला बरं वाटलं. छान दिसत होती. तरीपण मी मुलाला सांगितलं, छापायला टाकू नकोस, बाईला दाखवू. मुलगा बोलला, "बाबा, ती इंटरनॅशनल आहे, ती काय आपला फ्लेक्स बघणार?" मी बोललो, बघेल.

आली. ठाण्याहून रिक्षा करून, त्याच रबरी चपलेत. आल्या आल्या ओट्यावर बसली, जिथं बायको बसायची त्याच्या बाजूला. ती जागा मोकळी सोडून. मी तिच्या हातात नमुना दिला. तिनं बराच वेळ बघितला.

"काका, ह्या कोण?"

मला राग आला. "कोण म्हणजे? तुझी काकी."

"काकी हसतमुख होत्या?"

मुलगा बोलला, "असं लिहायची पद्धत आहे."

"मी काकांना विचारतेय."

मग माझ्या तोंडून निघालं, "हसतमुख? माझ्याकडं बघून ती हसली असेल ती लग्नात, फोटोवाला बोलला म्हणून. शांत तर ती झोपेतसुद्धा नव्हती."

"मग काय करायच्या दिवसभर?"

"ओरडायची."

"कोणावर?"

"सगळ्यांवर. माझ्यावर, तुझ्यावर, कोंबड्यांवर. सगळ्यात जास्त त्या पोंग्यांवर. सकाळी गाड्या तुंबल्या की ती ओट्यावर उभी राहून एकेका गाडीवाल्याला..."

"काय बोलायच्या? तसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. तिनं मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. बायको ओट्यावर उभी, पदर खोचलेला, एका हातात पाखडायचं सूप, दुसरा हात वर, कपाळाला आठ्या, तोंड उघडं. तो फोटो काढला म्हणून बाईलाही तिनं शिव्या दिलेल्या, ते मला आठवलं. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी.

मुलगा बोलला, "नाही नाही. हा लावायचा? मेलेल्या माणसाचा असा फोटो कोणी लावतं का? लोक हसतील आईला." फ्लेक्सवाल्याला फोन केला तर तोही तेच बोलला, मी असला श्रद्धांजलीचा फ्लेक्स आजवर छापला नाही.

मलाही भीती वाटली. माझी बायको आयुष्यभर कोणापुढं नमली नाही, आणि मेल्यावर माझ्यामुळं तिचं हसं व्हावं? मी बाईला बोललो, "तू सांग. काय करू?"

ती उठली. "ते मी नाही सांगणार, काका. माणूस तुमचं. मी फक्त मार्क देते. तो पहिला आहे ना, तो कोणाच्याही बायकोचा आहे. त्याला माझ्याकडून भोपळा."

मी दोन्ही समोर ठेवून बसलो. गोरी बाई ढगातून माझ्याकडं गोड बघत होती. तिला मी ओळखत नव्हतो. दुसरी माझ्यावर ओरडत होती. मी मुलाला बोललो, "हा ओट्यावरचा छाप, आणि बाजूला ती गाडीवाल्यांना बोलायची तेच लिही. पुढारी काढ. ढग काढ. हसले तर हसले, तिला कधी लोकांची पर्वा होती?"

फ्लेक्स लागला त्या सकाळी बाई परत आलेली. आम्ही दोघं नाक्यावर वडाच्या कट्ट्याला उभे राहिलो. वर माझी बायको, हात वर, तोंड उघडं. बाजूला मोठ्या अक्षरात तिचं वाक्य:

पोंगा कशाला वाजवतस रं? पुढचा काय उडून जानार हाय?

आणि खाली बारीक, नाक्यावरची काकी गेली.

गाड्या नेहमीसारख्या तुंबलेल्या. रिक्षा, टेम्पो, डंपर, एकाला एक चिकटून. पहिल्या रिक्षावाल्यानं वर बघितलं, तो हसला. मग त्यानं खालची ओळ वाचली. हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि त्यानं डोक्याची टोपी काढली. त्याला तिनं किती वेळा झापलं असेल ते त्यालाच माहीत. त्याच्या मागच्यानं वाचलं. त्याच्या मागच्यानं. हॉर्नवर गेलेला एक हात मी माझ्या डोळ्यांनी मागं आलेला बघितला. एवढ्या गाड्या, आणि इंजिनाची घरघर सोडली तर आवाज नाही. एवढी शांतता तिला जिवंतपणी एक दिवस मिळाली नाही.

मी बाईकडं बघितलं. ती दात-ओठ खात होती. डोळे लाल.

"सहा वर्षं," ती बोलली. "सहा वर्षं वरच्या खिडकीतून रोज ऐकत होते, काका. हे मला का नाही सुचलं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून एका टेम्पोवाल्यानं वाजवलाच, लांबलचक. पुढच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली आणि ओरडला, "ए भाऊ! वर बघ, वर!"

त्यानं वर बघितलं. माझी बायको त्याच्यावरच ओरडत होती.